नववी शाळा

१

सोमवारी सकाळी कपाट उघडलं आणि टाचणीकाकांच्या तोंडचं पाणी पळालं.

"एकशे बारा आहे, एकशे चौदा आहे," ते म्हणाले. "एकशे तेरा नाही."

टाचणीकाका म्हणजे त्या त्रैमासिकाच्या कचेरीतले कारकून. गेली अठ्ठावीस वर्षं ते प्रत्येक कागद टाचणीनं टाचत आले होते, आणि या अठ्ठावीस वर्षांत त्यांच्या हातून चिटोरंसुद्धा हरवलं नव्हतं. छापखान्याच्या वरच्या मजल्यावर तीन खोल्या, एक टाइपरायटर, एक फोन आणि फायलींनी छातीपर्यंत भरलेली चार कपाटं, एवढाच संसार. पण शिक्षण आणि विकास या विषयांवरचं संशोधन छापणारं हे त्रैमासिक देशोदेशीच्या विद्यापीठांत जायचं. त्यात छापून आलेल्या आकड्यांवर कुठल्या कुठल्या देशांतल्या शाळा उघडायच्या की बंद व्हायच्या, हे ठरायचं.

"नीट बघा हो काका," संपादक म्हणाला. त्याच्या हातात एक पत्र होतं.

कोपऱ्यातल्या टेबलावर मुद्रितं तपासत बसलेल्या आत्यानं पट्टी खाली ठेवली. आत्या ही संपादकाची सख्खी आत्या. भाचा संपादक झाला तेव्हा ती तिथं वीस वर्षं मुद्रितशोधक होती, त्यामुळे वशिल्यानं कोण कोणाला चिकटलं, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. भाचा आत्या म्हणायचा, म्हणून अख्खी कचेरी आत्या म्हणायची.

"काय आलंय पत्रात?" तिनं विचारलं.

"परदेशातल्या त्या मोठ्या मासिकाचं आहे. आपण गेल्या अंकात मास्तरीणबाईंचा लेख छापला ना, अकरा शाळांचा? ते म्हणतात, हेच तक्ते, हेच आकडे आम्ही पाच महिन्यांपूर्वी छापलेत. त्या संशोधन संस्थेचे संचालक आहेत ना, त्या डॉक्टरसाहेबांच्या नावानं. तुमच्या बाईंनी चोरी केली. शुक्रवारपर्यंत लेख मागे घ्या आणि माफी मागा."

"अरे, मग दाखव ना त्यांना! बाईंचा लेख आपल्याकडे दोन वर्षांपूर्वी आला. आवक वहीत तारीख आहे."

"वहीत लेखाचं नाव असतं आत्या, लेख नसतो. तेव्हा काय आलं आणि नंतर त्यात काय घुसडलं, हे फक्त फाईल सांगेल. मूळ हस्तलिखित, कार्बन प्रती, परीक्षकांचे शेरे, सगळं तिच्यात."

"फाईल क्रमांक?"

"एकशे तेरा," टाचणीकाका म्हणाले आणि मटकन खुर्चीत बसले.

२

मास्तरीणबाई बुधवारी आल्या. दोन दिवस बसमध्ये काढून, हातात कापडी पिशवी घेऊन जिना चढून आल्या त्या थेट संपादकासमोर उभ्या राहिल्या.

"मी चोर नाही," त्या म्हणाल्या. नमस्कार नाही, चमत्कार नाही, हेच पहिलं वाक्य.

आत्यानं त्यांना बसवलं, पाणी दिलं. बाई चाळिशीच्या. पठारावरच्या अकरा वाड्यांतल्या अकरा शाळा त्यांच्याकडे. तिथल्या मुलांना घरी बोलतात ती भाषा वर्गात ऐकायलाही मिळत नसे, त्यामुळे मुलं दोन वर्षं नुसती भिंतीकडे बघत बसत आणि तिसऱ्या वर्षी शाळा सोडत. या बाईंनी उलटं केलं. आधी घरची भाषा, मग हळूहळू दुसरी. सात वर्षं प्रत्येक मुलाची नोंद ठेवली. दहातली नऊ मुलं शाळेत टिकली!

"पण आमच्याकडे कोण बघणार, ताई?" त्या म्हणाल्या. "वर्ग चालतात ते त्या आंतरराष्ट्रीय निधीच्या मदतीवर. त्यांचा नियम सरळ आहे. नियतकालिकात छापून आलं, परीक्षकांनी तपासलं, तरच खरं. म्हणून तर मी लिहिलं. शुक्रवारी त्यांच्या अध्यक्षबाई इथं येणार. मी चोर ठरले तर माझी नोकरी जाईल ती जाईल. पण वर्ग बंद होतील हो. मुलं पुन्हा भिंतीकडे बघत बसतील."

छापलं नाही तर घडलंच नाही, असा या जगाचा न्याय. आता तर छापूनही घडलं नव्हतं असं म्हणायची वेळ आली होती.

"मुलांचे पेपर असतील ना?" संपादकानं विचारलं. "उत्तरपत्रिका?"

बाई ओशाळल्या. "एका बाजूला कोरे होते. कागद कुठं मिळतो आमच्याकडे? मुलांनी मागच्या बाजूला गणितं केली, मग त्याच्या होड्या केल्या. नोंदवह्या आहेत. पण डॉक्टरसाहेब म्हणतात, वह्या काय, महिन्याभरात लिहून होतात."

आत्या आत गेली आणि डॉक्टरसाहेबांचा छापील लेख घेऊन बसली. मुद्रितशोधकाचं वाचन वेगळं. तो पट्टी ठेवून ओळ न् ओळ उतरत जातो, अर्थाच्या मागं लागत नाही. बाईंच्या लेखात शाळांची नावं होती, डॉक्टरसाहेबांनी नावांऐवजी अंक दिले होते. सहा, सात, आठ, दहा, अकरा, बारा. तिची पट्टी थबकली. खाली बारीक अक्षरात टीप होती: शाळा क्रमांक नऊ नैसर्गिक आपत्तीमुळे बंद पडल्याने अभ्यासातून वगळली आहे.

"बाई, तुमची एखादी शाळा बंद पडली होती का? या अकरांखेरीज बारावी शाळा?"

"छे हो. पहिल्यापासून अकराच."

संपादकानं कपाळाला हात लावला. "बघ ना आत्या! बाईंना ठाऊक नाही ती शाळाही त्यांना ठाऊक आहे. म्हणजे मूळ अभ्यास त्यांचाच ठरतो. आता झालंच सगळं!"

आत्यानं तो लेख बाजूला ठेवला. पण तिच्या मनात पाल चुकचुकली होती.

३

फाईल गेली कधी, हे शोधायला फार डोकं लागलं नाही. गेल्या शुक्रवारी सल्लागार मंडळाची वार्षिक बैठक झाली होती. त्या दिवशी कपाट उघडं होतं, आणि बैठकीला आले होते तिघं. नेमके तेच तिघं, ज्यांच्याकडे दोन वर्षांपूर्वी मास्तरीणबाईंचा लेख तपासायला गेला होता. लेखकाचं नाव परीक्षकाला कळू द्यायचं नाही आणि परीक्षकाचं लेखकाला, हा इथला शिरस्ता. गाव, शाळा, सगळी नावं झाकूनच प्रत जायची.

पहिले पाइपवाले सर. वय अठ्ठ्याहत्तर, तोंडात पाइप, पण तो कधी पेटलेला कोणी पाहिला नव्हता. डॉक्टरसाहेब एकेकाळी त्यांचेच लाडके विद्यार्थी. म्हणून संपादकाचा सगळा संशय यांच्यावर.

"फेटाळा, असा शेरा मी दिला होता," सर गरजले. "आठ दिवसांत दिला होता! आजही देईन. संदर्भ नाहीत, मांडणी नाही, दुसऱ्या कोणाचं काही वाचलेलं नाही."

"आणि आकडे, सर?"

सरांनी पाइप काढला. "आकडे खरे होते. म्हणून तर जास्त राग आला मला. एवढं सोनं हातात, आणि ते असं पोत्यात भरून आणायचं?"

"डॉक्टरसाहेब तुमचे विद्यार्थी ना?"

"होते. हल्ली भेटले की तेच मला शिकवतात," सर म्हणाले, आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या आकडेबाई. महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवायच्या. आत्या खोलीत शिरली तेव्हा त्या फळा पुसत होत्या.

"माझे यजमान डॉक्टरसाहेबांच्या संस्थेत आहेत, म्हणून आलात ना?" त्या मान न वळवताच म्हणाल्या. "घरी आम्ही फक्त भाजी काय आणायची यावर बोलतो. तपासायचा असेल तर तो तपशील तपासा."

आत्याला हसू आलं. "तसं नाही हो. त्या लेखाबद्दल काही आठवतं का, एवढंच विचारायचं होतं."

"चांगलं आठवतं. माझ्या प्रतीत एक शाळाच नव्हती. शेऱ्यात मी स्पष्ट विचारलं होतं की ही शाळा गेली कुठं? तुमच्या कचेरीनं उत्तर द्यायची तसदी घेतली नाही."

आत्या दोन पावलं पुढं झाली. म्हणजे बाईंनी खरंच एक शाळा दडवली होती? "नववी ना?"

"नववी कुठली? सातवी."

"नक्की सातवी?"

आकडेबाईंनी डस्टर टेबलावर आपटला. "बाई, मला आकडे शिकवू नका. सहानंतर एकदम आठ होतं. सातवी शाळा नव्हती!"

तिसरे दौरेवाले. हे सल्लागार. आज या देशात, उद्या त्या देशात, खेड्यातल्या शिक्षणावर शहरातल्या हॉटेलात भाषणं द्यायची. कचेरीत सगळे म्हणायचे, उंटावरून शेळ्या हाकाव्यात तर यांनीच. ते अतिथिगृहात बॅग भरत होते. आत्याला बघताच त्यांनी दोन्ही हात पसरले.

"आत्याबाई! या, या! काय वाईट झालं हो त्या मास्तरीणबाईंचं. मी तर छापाच म्हणून शिफारस केली होती. अप्रतिम काम!"

"पण शेरा द्यायला तुम्हाला अकरा महिने लागले."

"लेख सुधारावा म्हणून हो! आधी संदर्भसूची वाढवा म्हटलं, मग तक्त्यांच्या रेघा, मग शीर्षक. काळजीपोटीच. कडू बोलून माणूस सुधारत नाही, गोड बोलूनच सुधारतो."

"तुमच्या प्रतीत एखादी शाळा कमी होती का?"

"एवढं कोण मोजतंय?" ते मनापासून हसले. "मी आशय बघतो, आत्याबाई. मोजदाद आकडेबाईंकडे."

आत्या परत निघाली तेव्हा डोक्यात नुसता गोंधळ. एक शाळा नववी म्हणून गायब, एक सातवी म्हणून गायब, आणि मास्तरीणबाई शपथेवर सांगताहेत की सगळ्या जागच्या जागी आहेत. तिघांपैकी कुणीतरी लेख डॉक्टरसाहेबांच्या हाती दिला होता. पण हवेतल्या संशयानं कोणी गुन्हेगार ठरत नाही, आणि हातात दीडच दिवस होता.

४

गुरुवारी दुपारी आत्या टाचणीकाकांच्या टेबलाशी जाऊन बसली. काका फाईल हरवल्यापासून जेवले नव्हते. तरी काम चालूच होतं. एका नव्या लेखाच्या कार्बन प्रती त्यांनी टाइप केल्या होत्या, पण गावांच्या नावांच्या जागा कोऱ्या सोडलेल्या. आता त्या कोऱ्या जागांत ते टाकानं अंक भरत होते.

आत्याची नजर सवयीनं ओळीवरून धावली. एक, दोन, तीन, चार, सहा.

"काका, पाच राहिला."

"राहिला नाही," काका मान वर न करता म्हणाले. "गाळला."

"म्हणजे?"

"म्हणजे गाळला. नेहमी गाळतो."

आत्यानं त्यांच्या हातातला टाक काढून घेतला. "काका, कशासाठी?"

काकांनी कारण सांगितलं. शांतपणे, चार वाक्यांत. ते कारण इथंच सांगून टाकलं तर शुक्रवारची मजा जाईल, म्हणून थोडा धीर धरा. एवढं मात्र सांगते की ते ऐकल्यावर आत्या उठून उभी राहिली, पुन्हा बसली, आणि मग तिनं साठीच्या टाचणीकाकांची पाठ अशी थोपटली की त्यांचा चष्माच घसरला.

"अहो, हे अठ्ठावीस वर्षांत कोणाला सांगितलं कसं नाहीत?"

"कोणी विचारलं नाही," काका म्हणाले.

"बरं झालं! देवासारखे गप्प राहिलात. आता दुसऱ्या कपाटातल्या जुन्या फायली काढा. वीस काढा. आणि तुमच्या खणातलं ते मोहोरबंद पाकीट, परीक्षकांच्या यादीचं, ते आहे ना?"

"ते कुठं जातंय? त्याच्यावर मी पाण्याची बाटली ठेवतो."

५

शुक्रवारी अकरा वाजता मधल्या खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. मधोमध निधीच्या अध्यक्षबाई, कमी बोलणाऱ्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. एका बाजूला तिन्ही परीक्षक. दुसऱ्या बाजूला डॉक्टरसाहेब, इस्त्रीचा सूट, पायावर पाय. मास्तरीणबाई दाराजवळच्या स्टुलावर मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या.

डॉक्टरसाहेबांनी फार वेळ घेतला नाही. "माझ्या अभ्यासात बारा शाळा होत्या. एक बंद पडली, अकरा उरल्या. या बाईंना अकराच ठाऊक. चोरी करताना एक शाळा हातातून सांडली, दुसरं काय? फाईल असती तर बघितलं असतं. पण ती सोयीस्करपणे हरवली, असं ऐकतो."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा. संपादकाचा चेहरा पडला. आत्या मात्र पुढं झाली, पदर खोचला.

"डॉक्टरसाहेब, ती नववी शाळा तुम्ही स्वतः पाहिली होती?"

"अर्थात."

"किती मुलं होती हो?"

"बेचाळीस," साहेब क्षणभर थांबून म्हणाले. "मुख्याध्यापक फार चांगले होते. बिचारे. दुसऱ्या वर्षी पूर आला. नदीनं सगळी इमारत नेली."

दाराशी कोणीतरी खुदकन हसलं. मास्तरीणबाई! त्यांनी तोंडावर हात घेतला, पण हसू थांबेना.

"माफ करा, अध्यक्षबाई," त्या म्हणाल्या. "पण आमच्या पठारावर नदीच नाही. प्यायचं पाणी आणायला बायका दोन कोस चालतात. साहेबांनी माझे तक्तेच तेवढे घेतले, लेख वाचायला विसरले वाटतं."

"माझ्या शाळा दुसरीकडच्या आहेत!" डॉक्टरसाहेब खेकसले.

"दुसरीकडच्या शाळा, दुसरीकडची मुलं, आणि आकडे मात्र सगळे हेच?" आत्या म्हणाली. "असू द्या. नदीचं सोडून देऊ. मी तुम्हाला नववी शाळा कुठं गेली ते सांगते. ती वाहून गेली नाही, बंद पडली नाही. ती कधी नव्हतीच. ती आमच्या टाचणीकाकांनी गाळली."

खोलीत सगळे एकमेकांकडे बघायला लागले. टाचणीकाका खाली बघत होते.

"या कचेरीत परीक्षकाला नाव नसतं, अंक असतो," आत्या म्हणाली. "तोच अंक त्याच्या पाकिटावर. फार वर्षांपूर्वी एक घोळ झाला. चौथ्या शाळेचा तक्ता चौथ्या परीक्षकाच्या पाकिटात जाऊन बसला, आणि त्रैमासिक छापायला तीन आठवडे उशीर. काकांनी तेव्हापासून स्वतःपुरता नियम केला. शाळांची नावं झाकायला अंक घालताना, ज्या परीक्षकाच्या हातात ती प्रत जाणार त्याचा अंक गाळायचा. टाइप एकदाच करायचं, अंक प्रत्येक प्रतीवर हातानं भरायचे. शेरे परत आले की काका अंकांच्या जागी पुन्हा नावं घालतात, त्यामुळे संपादकालाही कधी पत्ता लागला नाही."

आकडेबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "म्हणून माझ्या प्रतीत सातवी नव्हती!"

"तुमचा अंक सात आहे."

"आणि माझ्या शेऱ्याचं काय झालं?"

"तो मी काढला," टाचणीकाका पुटपुटले. "मुद्द्याचा नव्हता."

पाइपवाले सर इतक्या जोरात हसले की पाइप खाली पडला.

आत्यानं टेबलावर वीस जुन्या फायली मांडल्या. "अध्यक्षबाई, कोणतीही उचला. परीक्षकांनी परत पाठवलेल्या प्रती आत आहेत. पाकिटावर जो अंक, तो आतल्या प्रतीत नसणार. बारापुढच्या अंकांचे परीक्षक सोडून देते, तिथं गाळायला काही उरत नाही."

अध्यक्षबाईंनी एक उचलली, मग दुसरी, मग पाचवी. प्रत्येक वेळी बोट ओळीवरून जात होतं आणि एका जागी थांबत होतं.

"आता डॉक्टरसाहेबांचा छापील लेख," आत्या म्हणाली. "आठनंतर दहा. हा गाळलेला नऊ त्यांना फक्त आमच्या एकाच प्रतीतून मिळू शकतो. त्यांनी जशीच्या तशी उतरवली, एकदाही न मोजता. मग त्या मोठ्या मासिकाच्या परीक्षकांनी विचारलं असणार की नववी कुठं आहे? तेव्हा काय करतील बिचारे? आमच्या काकांनी गाळलेल्या अंकाला त्यांनी इमारत बांधून दिली, मुख्याध्यापक नेमला, बेचाळीस मुलं भरती केली, आणि सगळ्यांना पुरात बुडवलं!"

आता हसू कोणालाच आवरेना. डॉक्टरसाहेब मात्र पांढरेफटक पडले होते.

"प्रत कोणाची?" अध्यक्षबाईंनी एवढंच विचारलं.

टाचणीकाकांनी मोहोरबंद पाकीट पुढं ठेवलं. अध्यक्षबाईंनी ते फोडलं, यादी उलगडली, नवव्या ओळीवर बोट ठेवलं. संपादकानं पाइपवाल्या सरांकडे बघितलं. पण अध्यक्षबाई त्यांच्याकडे बघत नव्हत्या.

त्यांनी दौरेवाल्यांकडे बघितलं.

"मी... मी फक्त वाचायला दिला होता," दौरेवाले म्हणाले. गोड आवाजाचा मागमूस नव्हता. "ते म्हणाले, नुसता नजरेखालून घालतो."

"गप्प बसा!" डॉक्टरसाहेब ओरडले.

"का गप्प बसू? उपसंचालक करतो म्हणालात! अकरा महिने लेख अडवून धर म्हणालात! गेल्या शुक्रवारी फाईलही मलाच काढायला लावलीत!"

"फाईल जाळली असेल ना?" आत्यानं हळूच विचारलं.

दौरेवाल्यांनी मान खाली घातली. "बॅगेत आहे. यांनी शब्द फिरवला तर माझ्याकडे काहीतरी हवं ना, म्हणून ठेवली."

चोराचा चोरावर एवढा अविश्वास, म्हणून जगात खऱ्याचं फावतं. पाच मिनिटांत एकशे तेरा नंबरची फाईल टेबलावर आली. मूळ हस्तलिखित, मास्तरीणबाईंचं टपोरं अक्षर, अकरा शाळा, सगळे तक्ते, आणि टपालखात्याचा दोन वर्षांपूर्वीचा शिक्का असलेलं पाकीट. टाचणीकाकांनी आधी टाचण्या मोजल्या. एकही कमी नव्हती.

६

पुढचं सगळं अध्यक्षबाईंनी तिथल्या तिथे उरकलं. परदेशी मासिकाला तार गेली, आणि त्यांनी डॉक्टरसाहेबांचा लेख मागे घेऊन तसं पहिल्या पानावर छापायचं कबूल केलं. दौरेवाल्यांचं नाव यादीतून खोडण्याचा मान टाचणीकाकांना मिळाला, आणि त्यांनी ते पट्टी धरून सरळ रेघेत खोडलं.

पाइपवाले सर मास्तरीणबाईंसमोर जाऊन उभे राहिले. "तुमचा लेख मी फेटाळला होता," ते म्हणाले. "संदर्भ अजूनही वाईट आहेत. पण पुढच्या लेखाचे मी स्वतः बसून नीट करून देईन. येऊ का पठारावर?"

"या ना, सर," बाई म्हणाल्या. "पाणी मात्र तुमचं तुम्हाला आणावं लागेल."

मग अध्यक्षबाई उठल्या आणि मास्तरीणबाईंचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तुमचे वर्ग चालू राहतील. अकराचे तीस करायचे आहेत. बाकीच्या शाळांना शिकवायला तुम्हीच हव्यात. जमेल?"

मास्तरीणबाईंनी मान हलवली, आणि मग त्या रडायलाच लागल्या. आत्याचेही डोळे भरून आले आणि तिनं ते लपवले नाहीत. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेली, आणि आज पहिल्यांदा तिला वाटलं की आपण काहीतरी जोडलं.

"घरी कळवा आता," संपादक फोन पुढं सरकवत म्हणाला.

वाडीत फोन एकच, टपालकचेरीत. घंटा एकदाच वाजली आणि लगेच उचलला गेला. पोस्टमास्तर म्हणाले, पोरं सकाळपासून इथंच ठाण मांडून बसलीयेत, जेवायलासुद्धा गेली नाहीत.

"त्यांना सांगा," मास्तरीणबाई म्हणाल्या, "वर्ग चालू राहणार!"

पलीकडून असा गलका उठला की बाईंनी रिसीव्हर कानापासून लांब धरला. तो गलका टाचणीकाकांच्या टेबलापर्यंत ऐकू गेला. पोरं ओरडत होती, कोणी काय काय विचारत होतं, आणि सगळं त्यांच्या घरच्या भाषेत. कचेरीतल्या एकालाही त्यातला शब्द कळत नव्हता. तरी सगळे उभे राहून ऐकत होते आणि हसत होते.

मास्तरीणबाईंनी डोळे पुसले, घसा खाकरला आणि एकदम शाळेतल्या आवाजात त्याच भाषेत काहीतरी खडसावलं. पलीकडे क्षणात शांतता पसरली.

"काय म्हणालात?" आत्यानं विचारलं.

"म्हटलं, पुरे झाला दंगा. सोमवारी शाळा वेळेवर भरेल, आणि मी सगळ्यांचा गृहपाठ तपासणार आहे."